गावाची समिती कागदावरच का राहते? या चुका टाळा

आपल्या गावांत समित्यांची वानवा नाही. पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, शाळा व्यवस्थापन समिती, आरोग्य-पोषण समिती, तंटामुक्ती समिती, जैवविविधता समिती, जंगल असेल तर वनव्यवस्थापनाची समिती, पाणलोटाचं काम झालं असेल तर त्याची आणखी एक. यांतल्या किती समित्या गेल्या तीन महिन्यांत खरोखर बसल्या, हे एकदा आपल्या गावात विचारून पाहा. कित्येक सदस्यांना आपण सदस्य आहोत हेही आठवत नाही.

हा लेख अशा समित्यांत मानधनाशिवाय राबणाऱ्यांसाठी आहे. माझं ठाम मत आहे की निधी नाही म्हणून समिती क्वचितच बंद पडते. ती बंद पडते ग्रामसभेशी असलेली तिची नाळ तुटल्यावर. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधल्या कलम 49 मध्ये ग्रामविकास समित्यांची तरतूद आहे. ग्रामसभेने सोपवलेलं काम करायचं आणि त्याचा जबाब ग्रामसभेलाच द्यायचा, एवढं साधं नातं आहे. पुढच्या बहुतेक चुका हे नातं विसरल्याने होतात.

घरोघर फिरणारं रजिस्टर

वरून पत्र येतं: आठ दिवसांत समिती स्थापन करून ठराव सादर करावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) तारीख गाठायची असते. मग सरपंच आणि दोन-चार जाणती मंडळी बसून नावं काढतात आणि रजिस्टर शिपायाच्या काखेत जातं. तो दारात उभा राहतो.

“वहिनी, इथं एक सही करा.”

“कशाची रे?”

“पाण्याची समिती आहे. तुमचं नाव घातलंय.”

सही होते, समिती ‘स्थापन’ होते. पुढे विहिरीची जागा चुकली म्हणून गावात बोंब उठली की याच वहिनींच्या सहीचा ठराव पुढे केला जातो. त्या मात्र त्या बैठकीला गेलेल्याच नसतात, कारण बैठक झालेलीच नसते.

निवड ग्रामसभेतच करा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, ही मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. दहा-बारा माणसांत समिती निवडण्याची पळवाट इथेच सापडते. नियमात बसत असलं तरी समितीची निवड अशी उरकू नका. दहा जणांनी निवडलेल्या समितीला गाव पाणीपट्टी देत नाही, हे पुढे जड जातं.

त्याआधी वाडी-वस्तीवर जा. प्रत्येक वस्तीने आपली दोन नावं स्वतः ठरवावीत आणि ती ग्रामसभेत जाहीर व्हावीत. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत पाणी समिती 10 ते 15 जणांची सांगितली आहे: ग्रामपंचायतीचे निवडून आलेले सदस्य जास्तीत जास्त 25 टक्के, महिला 50 टक्के आणि बाकीचे गावातल्या दुर्बल घटकांतले. हे प्रमाण केवळ तपासणीपुरतं नाही. पाइपलाइनचं शेवटचं टोक बहुतेक गावांत धनगरवाड्याला, ठाकरवाडीला किंवा मागासवर्गीय वस्तीला असतं. पाणी पोचत नाही हे सांगणारं माणूसच समितीत नसेल, तर तक्रार येईपर्यंत उन्हाळा संपतो.

एका गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांच्या तळावर, गेलेलं असतं, ते उन्हाळा लागल्यावर परततं. त्या गावात 26 जानेवारीच्या ग्रामसभेत समिती निवडणं किंवा वर्गणीची रक्कम ठरवणं म्हणजे निम्म्या गावाला वगळणं. मोठे निर्णय 1 मे किंवा 15 ऑगस्टच्या सभेला घ्या.

निर्णय कसा घ्यायचा, याचा धडा गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडून घेण्यासारखा आहे. तिथे हात वर करून बहुमत मोजत नाहीत, सर्वसहमतीने ठरवतात. एकमत होत नसेल तर विषय पुढे ढकलतात. अवघड विषयाचा अभ्यासगटात बसून आधी अभ्यास होतो, मग ग्रामसभा. याला वेळ लागतो, हे खरं. पण घाईने केलेला ठराव मोडायला लागणारा वेळ त्याहून कितीतरी जास्त असतो.

बैठकीची वेळ कोणाच्या सोयीची?

समितीत निम्म्या महिला असूनही बैठकीत बोलणारे सगळे पुरुष, असं असेल तर आधी वेळ बघा. संध्याकाळी सात ही भाकरी टाकायची वेळ. दुपारी दोन-तीनला, शाळेच्या वर्गात किंवा अंगणवाडीत बैठक घ्या, बायका येतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे, ती नुसत्या सह्यांपुरती ठेवू नका. कोणत्या नळाला किती वेळ पाणी येतं, कुठे गढूळ येतं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नसतं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचं किट वापरायला शिकवायचं असतं. त्यांनी काढलेले निष्कर्ष त्यांनीच बैठकीत वाचून दाखवावेत आणि इतिवृत्तात त्यांच्या नावाने लिहावेत.

‘किरकोळ खर्च’

माणसं चांगली असतात, पैसा कुणी खाल्लेला नसतो आणि तरीही समिती संशयाने मरते. रोकडवहीतली एक नोंद त्याला पुरते: ‘किरकोळ खर्च – 4,800’. कशाचा किरकोळ? कुणी केला? पावती कुठाय? वर्षाने विचारल्यावर कुणालाच आठवत नाही. ज्याने पदरमोड करून मोटार तालुक्याला नेली, त्याच्याकडेच बोट दाखवलं जातं. असा माणूस दुखावला की पुन्हा गावकीच्या कामात पाय ठेवत नाही.

नोंद अशी असावी: ‘जुन्या विहिरीवरची मोटार, रिवाइंडिंग, दुकानाचं बिल क्रमांक अमुक, टेम्पोभाडं वेगळं, नेणारे अमुक, रक्कम अमुक, बैठक तारीख अमुक’. दोन ओळी जास्त लागतात, पण पुढची भांडणं वाचतात.

वर्गणी किंवा पाणीपट्टी घेताना छापील क्रमांकाचं पावतीपुस्तक हवंच. वहीत टिकमार्क चालणार नाही. जमा रक्कम खिशात किंवा घरी ठेवू नका, लगेच बँकेत भरा. खात्यावर दोन सह्या असाव्यात, आणि त्या दोघांचं आपसांत घरचं नातं नसावं. दर महिन्याच्या सुरुवातीला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तीन ओळी लिहा: मागच्या महिन्याची जमा, खर्च, शिल्लक. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं म्हणजे गावाला कळवलं, असं समजू नका. ज्या आजोबांकडे साधा फोन आहे, त्यांचीही वर्गणी त्यात आहे.

जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या जलस्वराज्य प्रकल्पात पाणीपुरवठा समितीशिवाय सामाजिक लेखापरीक्षणाची वेगळी समिती होती. खर्च करणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे, ही पद्धत कुठलीही योजना असली तरी वापरता येते. गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला, पतसंस्थेत काम केलेल्या माणसाला आणि बचतगटातल्या हिशेब ठेवणाऱ्या ताईंना ग्रामसभेतून नेमा. सहा महिन्यांतून एकदा त्यांनी वह्या बघाव्यात.

उद्घाटनानंतरचं वर्ष

टाकी बांधली, नळ आले, नारळ फुटला. समितीची खरी कसोटी त्यानंतर लागते. पाणीपट्टी ठरवताना ‘पन्नास रुपये ठेवू, कुणाला जड नको’ असं अंदाजपंचे ठरवतात आणि तिथेच योजना बुडायला लागते.

आकडे मांडून बघा. समजा 200 नळजोड आहेत. महिन्याचं वीजबिल 14,000, पाणी सोडणाऱ्याचा पगार 6,000, टीसीएल (पाणी निर्जंतुक करायच्या) पावडरीला 1,000, दुरुस्तीसाठी बाजूला 3,000. एकूण 24,000. म्हणजे घरटी 120 रुपये. पण भरणारी घरं 140 असतील तर जमा होतात 16,800, आणि दर महिन्याला 7,200 ची तूट. ही तूट भरून काढायला दुरुस्तीचे पैसे वापरले जातात, मग पावडर बंद होते, वीजबिल थकतं. एप्रिलमध्ये मोटार जळते तेव्हा खात्यात काही नसतं. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडा. बेरीज लोकांच्या डोळ्यांपुढे झाली की दराबद्दलची कुरकूर बरीच कमी होते.

थकबाकीदारांची एकच यादी करून नोटिसा काढणं ही आणखी एक चूक. न भरणाऱ्यांत तीन प्रकारची घरं असतात. काहींना पाणीच पोचत नाही. त्यांच्याकडे पट्टी मागायला जाण्याआधी व्हॉल्व्ह बघा, उंचावरच्या घरांसाठी वेगळी वेळ ठेवा, आणि पाणी येईपर्यंत त्यांची पट्टी धरू नका. काहींचं हातावर पोट आहे. त्यांना हप्ते द्या किंवा ग्रामसभेने ठराव करून सवलत द्यावी, गुपचूप कुणी माफ करू नये. तिसरी घरं ऐपत असून भरत नाहीत, आणि बऱ्याचदा ती गावातली वजनदार घरं असतात. वसुली तिथून आणि समिती सदस्यांच्या दारापासून सुरू करा. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढण्याचंही असंच. सदस्यांनी आपल्या मोटारी आधी काढल्या नाहीत, तर दुसऱ्याला सांगायला तोंड उरत नाही.

नियम पाणी येण्याआधी ठरले पाहिजेत. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरवायचा, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, हे तिचे नियम. पाणी शेतात आल्यावर असे नियम करायला कुणी तयार होत नाही. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. तुमच्या गावात पर्जन्यमापक नसला तरी विहिरींची पातळी ऑक्टोबरमध्ये दोरीने मोजून वहीत लिहिता येते. उन्हाळ्यात टँकर लागेल का, याचा बराचसा अंदाज तिथेच येतो.

काम चालू असताना

अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या आणि त्यातली पाइपची खोली, व्यास, सिमेंटचं प्रमाण मराठीत लिहून कामाच्या जागी लावा. चर बुजण्याआधी टेपने मोजा, मोबाइलवर फोटो काढा. चर उथळ असेल तर पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करू नका. ‘साहेब नाराज होतील’ म्हणून केलेली सही पुढची कित्येक वर्षं त्रास देते. सदस्याचा ट्रॅक्टर किंवा जेसीबी भाड्याने लागणार असेल तर ते बैठकीत सांगून, दर ठरवून, त्या सदस्याला चर्चेबाहेर ठेवून करा. चोरून केलं की स्वस्तात केलेलं कामही महाग केल्यासारखं दिसतं.

सगळं एकाच माणसाच्या डोक्यात

जवळजवळ प्रत्येक गावात असा एक तरुण असतो, ज्याला सगळं माहीत असतं: कोणता व्हॉल्व्ह कुठे गाडला आहे, तालुक्याला कुणाला भेटायचं, पासवर्ड काय आहे. गाव त्याच्यावर निर्धास्त असतं. त्याला पुण्यात नोकरी लागते आणि समिती आंधळी होते. त्याच्याशिवाय दोघांना सगळं दाखवून ठेवा. योजनेचा नकाशा हाताने का होईना, काढून घ्या. व्हॉल्व्हच्या जागा अंतरासकट लिहा: ‘मारुतीच्या पारापासून पूर्वेला बारा पावलं’.

निवडणुकीनंतर गट बदलला की नवे पदाधिकारी जुनी समिती मोडतात. त्याला काही प्रमाणात इलाज नाही. पण समितीतले सगळे एकाच गटाचे नसतील आणि वह्या कुणाच्या घरी न राहता ग्रामपंचायतीच्या कपाटात असतील, तर निदान काम चालू राहतं.

बंद पडलेली समिती उभी करायची तर

पहिल्या बैठकीत जुन्या समितीची चौकशी काढू नका. तो विषय निघाला की माणसं बाजू घेतात आणि दुसरी बैठक होत नाही. आधी फक्त मोजदाद करा: खात्यात किती, देणं किती, कोणते नळ बंद, कोणत्या वह्या सापडतात, कोणत्या नाहीत. मग महिनाभरात होईल असं एकच काम निवडा, सगळ्या गावाला दिसेल असं. गळणारा मुख्य व्हॉल्व्ह, शाळेची तुटलेली टाकी, टीसीएलचा बंद पडलेला डोस. त्याचा खर्च फळ्यावर लिहा. जे सदस्य सलग तीन बैठकांना येत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन विचारा. नको असेल तर त्यांच्याच वस्तीकडून दुसरं नाव घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत बदलाचा ठराव करा, सूचक-अनुमोदकासह. जुन्या हिशेबासाठी त्याच ग्रामसभेत वेगळा विषय ठेवा, लेखापरीक्षणाच्या तिघांना मुदत द्या आणि जुन्या सदस्यांना समोर बसवून त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्या.