ऑनलाइन आणि वर्ग यांची सांगड: प्राध्यापकांना मदत करताना या चुका टाळा

विद्यापीठातल्या प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवण्यात मदत करणं हे माझं रोजचं काम. सत्र सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात सगळ्यात जास्त कानावर पडणारा प्रश्न म्हणजे, "हे अपलोड कुठून करायचं?" उत्तर दोन मिनिटांत देता येतं, समोरचा खूश होऊन जातो, आणि नेमकं तिथेच आपलं चुकतं. कारण ते अपलोड करायला हवंय का, केलं तर वर्गातलं काय कमी होणार, हे ना त्यांनी विचारलेलं असतं ना आपण.

खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत किंवा होऊ दिलेल्या आहेत.

दीडपट झालेला कोर्स

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. वर्गातले तास होते तसेच ठेवायचे, त्यावर व्हिडिओ चढवायचे, मग क्विझ, मग फोरम म्हणजे ऑनलाइन लेखी चर्चा. जुन्यातलं काहीच काढायचं नाही. इंग्रजीत याला 'कोर्स अँड अ हाफ' असं चपखल नाव आहे. लक्षणं सहज ओळखू येतात: तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून व्हिडिओ बघणाऱ्यांचा आकडा उतरायला लागतो, शिक्षक रात्री अकरा वाजता फोरमवर उत्तरं टाइप करत असतात, आणि "यापेक्षा आधीचंच बरं होतं" हे दोन्ही बाजूंनी ऐकू येतं.

मिश्र पद्धतीने, म्हणजे वर्ग आणि ऑनलाइन यांची सांगड घालून, मुलं जास्त शिकतात, याचा पुरावा म्हणून अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा २०१० चा अहवाल हमखास दाखवला जातो. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष होता खरा, की निव्वळ वर्गातल्या शिकवण्यापेक्षा मिश्र पद्धत सरस ठरली. पण त्याच अहवालात लेखकांनी बजावलंय की मिश्र गटातल्या मुलांना बऱ्याचदा जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालं होतं, त्यामुळे श्रेय माध्यमाला देऊ नका. विभागाच्या बैठकीत पहिलं वाक्य वाचलं जातं, दुसरं कुणी वाचत नाही.

उपाय म्हणजे वजाबाकी. कागदावर एका आठवड्यातलं सगळं काम लिहून काढायचं आणि प्रत्येकापुढे विद्यार्थ्याला लागणारी मिनिटं मांडायची. नवीन काही घालायचं असेल तर काय खोडलं हे शेजारीच लिहायचं. क्रेडिटचं गणित इथे कामाला येतं. युरोपातल्या विद्यापीठांच्या ईसीटीएस या क्रेडिट मोजायच्या पद्धतीत एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास धरतात, आणि त्यात वर्ग, वाचन, व्हिडिओ, असाइनमेंट, परीक्षेची तयारी असं सगळंच येतं. आपल्याकडे जो हिशेब लागू असेल तो घ्या, पण बेरीज करा. मी ज्यांच्याबरोबर हे केलंय त्यांच्यापैकी क्वचितच कुणाची बेरीज पहिल्या फटक्यात मर्यादेत बसली.

मुलं व्हिडिओ बघूनच येत नाहीत

ही तक्रार आली की मी आधी एकच विचारते: "मग वर्गात तुम्ही काय करता?" उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. "काय करणार, थोडक्यात परत सांगते." झालं! वर्गात परत सांगितलं जाणार हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळतं. त्यानंतर घरी बघणारा विद्यार्थी मेहनती नाही, वेडा ठरतो.

संख्याशास्त्राच्या एका मॅडमबरोबर मी याच मुद्द्यावर दोन तास बसले होते. विषय होता परिकल्पना तपासणी. त्यांनी पन्नास मिनिटांचं लेक्चर रेकॉर्ड करून चढवलं होतं आणि वर्गातही तेच शिकवत होत्या. आम्ही ते रेकॉर्डिंग बाजूला ठेवलं. घरच्यासाठी उरला सात मिनिटांचा एक व्हिडिओ, फक्त पी-मूल्य म्हणजे काय एवढ्यापुरता, आणि त्याखाली चार प्रश्न. प्रश्न लिहिताना खरी मजा आली. मॅडमनी गेल्या कित्येक उत्तरपत्रिकांतल्या चुका आठवल्या आणि त्याच पर्याय म्हणून वापरल्या. एक प्रश्न असा: पी-मूल्य ०.०३ आलं, याचा अर्थ काय? पर्याय 'ब': नल हायपोथेसिस (म्हणजे 'काहीच फरक नाही' हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के. चूक आहे (पी-मूल्य सांगतं ते उलट: ते गृहीतक खरं धरलं तर असा किंवा याहून टोकाचा निकाल यायची शक्यता), पण इतकी मोहक की शिकलेसवरलेलेही फसतात. क्विझ बंद व्हायची वेळ ठेवली वर्गाच्या आदल्या संध्याकाळी सहा, म्हणजे रात्री मॅडमना निकाल बघायला अवधी.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला तो त्या प्रश्नाच्या आलेखाने. 'ब'चा खांब सगळ्यात उंच. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. शेजाऱ्याला पटवून द्या, एवढंच म्हणाल्या, आणि पाच मिनिटांनी पुन्हा मत घेतलं. (ही युक्ती हार्वर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर १९९० च्या दशकापासून वापरत आले आहेत, 'पीअर इन्स्ट्रक्शन' या नावाने.) ज्यांनी व्हिडिओ बघितला नव्हता त्यांना त्या पाच मिनिटांत बोलायला काहीच नव्हतं. रागावणं नाही, गुण कापणं नाही. पुढच्या आठवड्यात क्विझ सोडवणाऱ्यांची संख्या आपोआप वाढली.

हे जमायला शिक्षकाला एक गोष्ट सोडावी लागते: न बघता आलेल्यांसाठी परत शिकवणं. ती सोडताना शिक्षकाचा जीव खरोखर खालीवर होतो. आपण मदतनीस म्हणून पहिल्या दोन तासांना मागच्या बाकावर जाऊन बसलो तर फार फरक पडतो. बटणं दाखवण्यापेक्षा ही मदत मोठी.

"सहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ नको"

हा नियम कुठून आला? फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्स या सर्वांसाठी खुल्या ऑनलाइन मंचावरच्या कोर्सेसमधली सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्मे तरी प्रेक्षक सहा मिनिटांच्या आसपास किंवा त्याआधीच निघून जात होते. पण ते लोक स्वेच्छेने आलेले, परीक्षेचं बंधन नसलेले. पुढच्या आठवड्यात परीक्षा असलेला तुमचा विद्यार्थी वेगळा वागेल. तेव्हा स्टॉपवॉच लावून शिक्षकांच्या मागे लागू नका. एका व्हिडिओत एकच कल्पना, एवढं पाळलं तर लांबी बहुधा आपोआप आटोक्यात येते.

त्याच अभ्यासातली दुसरी बाब मला जास्त उपयोगी वाटते: वर्गातल्या लेक्चरचं रेकॉर्डिंग कापून तुकडे केले, तरी ते मुद्दाम व्हिडिओसाठी बोललेल्यासारखं धरून ठेवत नाही. आणि टेबलाशी बसून साधेपणाने बोललेला व्हिडिओ महागड्या स्टुडिओतल्यापेक्षा फिका पडत नाही, उलट सरस ठरू शकतो. म्हणजे स्टुडिओची तारीख मिळेपर्यंत अडून राहायचं कारण नाही. बरा माइक घ्या, मात्र. चित्र थोडं धूसर असलं तरी चालतं, आवाज घुमला की मुलं बंद करतात. सबटायटल्स लावा, आणि आपोआप तयार झालेली एकदा तरी वाचून काढा. पारिभाषिक शब्दांचं त्यात जे काय होतं ते बघण्यासारखं असतं.

एकाच वेळी अर्धे वर्गात, अर्धे स्क्रीनवर

जमत असेल तर सुरुवातीलाच या वाटेला जाऊ नका. लोकांना वाटतं, कॅमेरा लावला की झालं. 'हायफ्लेक्स' हा शब्द सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतल्या ब्रायन बीटी यांच्यामुळे रूढ झाला. त्यांच्या मांडणीत मुलांना वर्ग, थेट ऑनलाइन किंवा नंतर सवडीने, यांपैकी निवड असते, आणि कुठलीही वाट धरली तरी शिकणं तोलामोलाचं व्हायला हवं. आपण त्यातला फक्त कॅमेरा उचलतो.

करावंच लागलं तर त्रास बहुतेक आवाजातच होतो. वर्गातल्या मुलीने मागून विचारलेला प्रश्न घरी बसलेल्यांना ऐकूच जात नाही, आणि मग शिक्षक शून्याला उत्तर देतायत असं दिसतं. प्रत्येक प्रश्न माइकमध्ये पुन्हा बोलायची सवय लावा. चॅटवर लक्ष ठेवायचं काम एका विद्यार्थ्याकडे द्या, आठवड्याला पाळी बदला. वर्गातल्या दोन लॅपटॉपचे माइक-स्पीकर चालू राहिले की किंचाळी उठते, म्हणून खोलीत एकच आवाज चालू, बाकी सगळे बंद. फळ्यावर लिहायचं असेल तर आधी रिकाम्या खोलीत एक ओळ लिहून, दुसऱ्या फोनवरून ती वाचता येते का ते बघा. या तपासणीला तीन मिनिटं लागतात आणि ती कोणीही करत नाही.

फोरमवर शुकशुकाट

बहुतेक वेळा प्रश्नच मेलेला असतो. "अमुकची व्याख्या लिहा" याला एकाने बरोबर उत्तर दिलं की बाकीच्या एकोणसाठ जणांनी काय लिहायचं? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल असं काही मागा: स्वतः शोधलेलं उदाहरण, एखाद्या आलेखातली चूक, दोन उपायांपैकी एकाची बाजू. मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नोत्तर प्रकारचा फोरम आहे, त्यात आपलं लिहिल्याशिवाय इतरांचं दिसत नाही. नक्कल थांबवायला तो बरा. आणि साठ जणांचा एक फोरम करण्यापेक्षा सहा-सहांचे दहा गट करा. शिक्षकांनी प्रत्येकाला उत्तर द्यायचं नाही, आठवड्याच्या शेवटी एक एकत्रित टिपण पुरे. फोरमवर काय झालं याचा वर्गात उल्लेखच झाला नाही, तर तो बंद केलेला बरा.

सेटिंगमधल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

"मॅडम, क्विझ दिसत नाहीये" असा निरोप आला की घाबरण्याआधी विद्यार्थ्याच्या नजरेने पान उघडा. मूडलमध्ये भूमिका बदलून 'विद्यार्थी' होता येतं, पण गटानुसार लावलेली बंधनं त्यात नीट कळत नाहीत, म्हणून खरंखुरं एक चाचणी खातं असलेलं उत्तम. नेहमीचे संशयित: क्विझ लपवलेली राहिली, आधीचा भाग पूर्ण करायची अट लागलेली आहे, किंवा मागच्या वर्षीचा कोर्स तसाच उचलल्यामुळे तारखाही मागच्या वर्षीच्याच आहेत. कोर्स रीसेट करताना सुरुवातीची तारीख बदलली की मूडल बऱ्याच तारखा पुढे सरकवतं. तरी व्हिडिओत तोंडी सांगितलेली "येत्या गुरुवारी" ही तारीख कुठलीच यंत्रणा बदलत नाही. रेकॉर्डिंगमध्ये वार, तारीख, खोली क्रमांक बोलूच नका.

प्रशिक्षण भलत्या वेळी

सत्राआधी एक दिवसाची कार्यशाळा, दहा टूल्स, चहा, प्रमाणपत्र. चौथ्या आठवड्यात पहिली खरी अडचण येते तेव्हा त्यातलं काही आठवत नाही आणि आपणही पुढच्या कार्यशाळेत गुंतलेलो असतो. मी आता सुरुवातीला दीड तासच मागते. लंडनच्या यूसीएल विद्यापीठात तयार झालेली 'एबीसी' पद्धत साधारण तेवढ्याच वेळाची आहे: शिक्षणतज्ज्ञ डायना लॉरिलार्ड यांनी सांगितलेले शिकण्याचे सहा प्रकार कार्डांवर छापलेले असतात, आणि शिकवणारे सगळे मिळून ती कार्डं आठवडेवार टेबलावर मांडतात. संगणक उघडायचाच नाही. सगळी कार्डं 'ऐकणे-वाचणे' या एकाच रंगाची निघाली की कुणी काही सांगावं लागत नाही. उरलेला वेळ मी तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यासाठी राखून ठेवते, प्रत्येकी अर्धा तास.

आणि एक इशारा विभागप्रमुखांना आधीच द्यावा, लेखी. पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांचा अभिप्राय खाली येऊ शकतो. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं: स्वतः झगडून शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. छान लेक्चर ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं, हे त्याचं एक कारण. माझ्या त्या संख्याशास्त्राच्या मॅडमनाही "शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात" असा शेरा मिळालाच. प्रमुखांना आम्ही सांगून ठेवलं होतं, म्हणून त्या शेऱ्याबरोबर क्विझचे आणि परीक्षेचे आकडेही बैठकीत ठेवले गेले. पुढच्या सत्रासाठी मॅडमनी तो सात मिनिटांचा व्हिडिओ ठेवला, दुसरे दोन काढून टाकले, आणि पर्याय 'ब'ला हात लावायचा नाही असं मला बजावलं.