या चुका टाळा : झेरॉक्सच्या दुकानात मागे राहिलेली कागदपत्रं

सांगलीत गणपती पेठेजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक मोठं मशीन, कलर प्रिंटर, लॅमिनेशन, स्पायरल. दिवाळीच्या आधी एक दिवस कॉम्प्युटर फारच रडायला लागला म्हणून डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं आणि माउसचं चाक फिरवतच राहिलो. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, दहावीचं मार्कलिस्ट, कुणाचा तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट, कुणाच्या तरी मुलीचा लग्नाचा बायोडाटा. त्यात तिची जन्मवेळ, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाइल, भावाचा पगार. यातलं काहीही मी मागून घेतलेलं नव्हतं. लोकांनी आपल्या हातानं पाठवलं, प्रिंट घेतली, सुटे दिले आणि गेले.

याचं मूळ माझ्या मते महापुरात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, पेठा बुडाल्या, आणि पाणी ओसरल्यावर लोक माझ्याकडं चिखलानं चिकटलेली कागदपत्रं घेऊन आले. ब्लेडनं पानं सोडवून झेरॉक्स काढल्यात आम्ही. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. तेव्हापासून घरटी एक नियम झाला: हरेक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये पाहिजे, मुलाच्या मोबाइलमध्ये पाहिजे, पुण्याच्या मावशीकडं पण पाठवून ठेवायचा. नियम चांगलाच आहे. फक्त या प्रती कुठं कुठं पडून आहेत, हे आता घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

व्हॉट्सॲप उघडं ठेवून जाणं

दुकानात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. "दादा, फाइल मोठी हाय, जाईना. मीच लॉगिन करतो की." क्यूआर स्कॅन होतो, प्रिंट निघते, गिऱ्हाईक हेल्मेट उचलून जातं. पुढचा माणूस खुर्चीत बसतो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात उगवतं: "आई: येताना भडंग आण." हे हसण्यावारी नेता येतं. एकदा मात्र सावकाराचा मेसेज उगवला होता, आणि खुर्चीत बसलेला माणूस त्याच गल्लीतला.

लोकांचा समज असा, की फोन दुकानाबाहेर गेला म्हणजे जोडणी तुटली. पूर्वी तसं थोडंफार होतं. फोनचं नेट बंद झालं की कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप थांबायचं. २०२१ पासून ती व्यवस्था बदलली. आता फोन बंद असला तरी जोडलेला कॉम्प्युटर चालू राहतो. तुम्ही फोनवर व्हॉट्सॲप १४ दिवस उघडलंच नाही, तर मग तो आपोआप सुटतो. इतके दिवस व्हॉट्सॲप न उघडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

उपाय सोपा. फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या तीन ठिपक्यांवर जा, लिंक्ड डिव्हायसेस उघडा. तिथं तुमच्या ओळखीचा नसलेला विंडोज कॉम्प्युटर दिसला, तर त्यावर टॅप करून लॉग आउट करा. हे आत्ता वाचतावाचताच बघितलं तर उत्तम.

पण इथं एक मेख आहे आणि ती चांगल्या शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते. लॉग आउट केल्यानं गप्पा जातात, उतरवून घेतलेली फाइल जात नाही. ती माझ्या डाउनलोड्समध्येच राहते. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीचंही तेच. खिडकी बंद केली की लॉगिन जातं, फाइल राहते. डिलीट मारलं तर ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. म्हणून दुकानदाराला सांगायचं, "डाउनलोड्स दाखवा," आणि आपली फाइल निवडून शिफ्ट धरून डिलीट. कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे.

आधार पाठवताना

आधार डाउनलोड केल्यावर पीडीएफला पासवर्ड असतो, त्यामुळं लोक निर्धास्त असतात. हा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. माझ्या काउंटरवर तो रोज मोठ्यानं ओरडला जातो. आणि ज्याच्याकडं ती फाइल असते, त्याला तुमचं नाव तर माहीत असतंच. जन्मसाल तोंडाकडं बघून पाच-सहा प्रयत्नांत निघतं.

जिथं नुसती ओळख दाखवायची आहे, लॉजवर वगैरे, तिथं मास्क्ड आधार द्या. आधारच्या वेबसाइटवर डाउनलोड करतानाच त्याची खूण करायची सोय आहे. मग १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. काही ऑफिसांत पूर्ण नंबरच लागतो, तिथं वाद घालून उपयोग नाही. मग झेरॉक्सवर आडवं लिहा: कशासाठी दिलं आणि तारीख. पेनानं, फोटोवर थोडं येईल असं. माझे वडील सातबाराच्या नकलेवरसुद्धा असं लिहायचे आणि आम्ही त्यांना हसायचो.

अंगठ्याचं कुलूप हा आणखी एक चांगला उपाय आहे. आधारच्या सरकारी ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक लावलं की तुमच्या बोटाच्या ठशावर कुणी पैसे काढू शकत नाही. पण ते लावून विसरू नका. महिन्याच्या सुरुवातीला माझ्याकडं एक-दोन घरं तरी येतातच, "रेशनला अंगठा लागंना, मशीन बिघडलंय." मशीन ठीक असतं. मुलानं पुण्याहून फोनवर कुलूप लावून दिलेलं असतं आणि आईला सांगायचं राहिलेलं असतं. ॲपमधून ते तात्पुरतं उघडता येतं, काम झालं की परत लागतं. अंगठा लागत नसेल तर आधी हे तपासा, मग दुकानदाराशी भांडा.

पत्रिका उघडेना

लग्नसराईत तासगावकडचे एक बेदाणेवाले काका आले. "पत्रिका आलीया, उघडंना. तीनदा दाबलं." फोन हातात घेतला तर फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके. म्हणजे पत्रिका नव्हे, ॲप. पाठवणारा ओळखीचा होता, कारण त्याचाही फोन आधीच या ॲपच्या ताब्यात गेला होता. तिसऱ्या वेळेला काकांनी मेसेज वाचायची परवानगी दिलेली होती, आणि ॲपचं चिन्ह गायब झालं होतं. त्यांना वाटलं, उघडलंच नाही. लग्नपत्रिका फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ म्हणून येते. ती काही इन्स्टॉल करायला सांगत नाही. आरटीओचं चलन, बँकेचं केवायसी, किसान योजनेची यादी या नावांनीही हेच फिरतं.

कुणाच्या घरी हे झालंच, तर मी केलं ते क्रमानं सांगतो. आधी विमान मोड चालू, वायफाय बंद. मग सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घातलं, म्हणजे ओटीपी त्या ॲपच्या हाती लागणार नाही. त्याच फोनवरून बँकेला कळवलं, नेटबँकिंग आणि यूपीआय बंद करायला लावलं. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी समोरच्या खात्यात पैसे अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होतं ते बँकेच्या माथी, म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार नंबर लिहून ठेवा. "घरी जाऊन पोराला विचारतो" हे वाक्य इथं महागात पडतं.

नंतर ॲप शोधायचं. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत बिनचिन्हाचं, नाहीतर भलत्याच नावाचं काहीतरी दिसतं. अनइन्स्टॉलचं बटण फिकट असेल तर त्यानं डिव्हाइस ॲडमिनचा अधिकार घेतलेला असतो. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आधी काढायचा. एवढं करूनही मी काकांचा फोन फॅक्टरी रिसेट केला. फोटो तेवढे काढून घेतले, ॲप्स नव्यानं प्ले स्टोअरवरून टाकली.

पैसे वाचले. पण तोवर त्यांच्या व्हॉट्सॲपवरून तीच पत्रिका सत्तर-ऐंशी जणांना गेलेली. पुढचे चार दिवस काका फोनवर एकच सांगत होते, "आमच्यात कुणाचं लग्न न्हाई ओ."

"माझ्याकडं काय हाय चोरायला?"

हे मला रोज ऐकू येतं. खेड्यापाड्यात कुणाचं काय झाकून राहतं, हा त्यामागचा खरा विचार आहे आणि तो खोटा नाही. सातबारा तर सरकारनंच ऑनलाइन ठेवलाय. कुणीही कुणाचंही क्षेत्र बघू शकतो. पण गल्लीतल्या बोलण्यावर कर्ज निघत नाही, सिमकार्डही निघत नाही. आधारची प्रत हाती असली की फसवणूक करून निघू शकतं. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत हे संचार साथी पोर्टलवर बघता येतं. माझ्याच एका गिऱ्हाइकाच्या नावावर त्याला माहीत नसलेले तीन निघाले. तिथंच "हा नंबर माझा नाही" असं कळवता येतं.

जुना नंबर सोडतानाही लोक घाई करतात. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनी दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. बँक, आधार, गॅस, मुलांची शाळा सगळीकडं नंबर बदलून झाल्याशिवाय जुनं सिम सोडायचं नाही.

फोन आपलं बोलणं ऐकतो, ही तक्रार मात्र मी फार मनावर घेत नाही. ट्रॅक्टरचा विषय काढला की ट्रॅक्टरची जाहिरात येते म्हणतात. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठानं २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप्स तपासली, तेव्हा चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप्स स्क्रीनचं चित्र काढून पाठवत होती, ते सापडलं. ट्रॅक्टर तुम्ही नुसता बोलला नव्हता. पोरानं त्याच वायफायवर शोधला होता, शोरूमसमोर तुम्ही दहा मिनिटं थांबला होता. माइकला टेप लावून लोकेशन चालू ठेवणारी माणसं मी पाहिलीत.

माझी स्वतःची चूक

ते फोल्डर बघितल्यावर मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. रोज रात्री दहाला डाउनलोड्समधलं एका दिवसापेक्षा जुनं सगळं पुसायचं. दोन दिवस मोठा अभिमान वाटला. तिसऱ्या दिवशी इंजिनिअरिंगची एक मुलगी प्रोजेक्टची फाइल पेनड्राइव्हवरून देऊन गेली, सकाळी स्पायरल हवं होतं. सकाळी फाइल नाही. चूक अशी, की मी फाइलची शेवटची बदलाची तारीख तपासत होतो. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली तरी ती तारीख मूळचीच राहते. नवी होते ती तयार झाल्याची तारीख. तिची फाइल कालच आलेली, पण कागदोपत्री पंधरा दिवस जुनी. स्क्रिप्टनं पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही, थेट जातं. तिच्या मेलमध्ये प्रत होती म्हणून वाचलो, तरी स्पायरलचे पैसे घेतले नाहीत. आता तयार झाल्याची तारीख तपासतो, आणि "उद्या" नावाचं एक फोल्डर वेगळं ठेवलंय.

कायदा आहे म्हणतात. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ ला वैयक्तिक डेटाचा कायदा झाला. माझं डाउनलोड्स फोल्डर बघायला अजून कुणी आलेलं नाही.

आल्या त्या सांगलीवाडीच्या एक मावशी, गेल्या आठवड्यात. विधवा पेन्शनचे कागद होते. प्रिंट झाल्यावर पिशवी आवरली नाही, काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, "आता तुझ्यातनं काढ." मी काढलं. "त्या डब्यातनं पण. भाच्यानं सांगितलंय." रिसायकल बिन रिकामं होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग मोठ्या मशीनकडं बोट करून विचारलं, "ह्येच्यात राहतंय का?"

मी नाही म्हणालो. त्या गेल्यावर मशीनचा मेनू उघडून बघितला. आत हार्ड डिस्क आहे आणि काम झाल्यावर चित्र पुसायचं सेटिंग बंद होतं. ते चालू केलं. मग आठवलं, मशीन मी सेकंडहँड घेतलंय.