सापडलेले महागडे घड्याळ अस्सल की नक्कल : या चुका टाळा

कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर पर्यटकांची घड्याळे वाळूत पडतात आणि ज्यांना ती सापडतात त्यांतले काहीजण म्हापशात माझ्याकडे, म्हणजे घड्याळजीकडे, येतात. निकाल त्यांना पाच मिनिटांत हवा असतो आणि बहुतेकांनी घरी काहीतरी तपासणी आधीच उरकलेली असते. त्या तपासणीने चांगल्या घड्याळांची जी नासाडी होते, ती पाहून जीव हळहळतो.

सर्वांत घातक समजूत सेकंदकाट्याची आहे. काटा टिकटिक करत सरकला तर डुप्लिकेट आणि सलग फिरला तर ओरिजिनल, हे जणू प्रत्येकाला तोंडपाठ असते. प्रत्यक्षात आजच्या बऱ्याच ऑटोमॅटिक (सेलविना, मनगटाच्या हालचालीवर चालणाऱ्या) मशीनचे ठोके तासाला २८,८०० असतात, म्हणजे काटा सेकंदाला आठ वेळा हलतो. हाच वेग फर्स्ट कॉपीतल्या, म्हणजे हुबेहूब नकलेतल्या, स्वस्त मशीनलाही असू शकतो. उलट ओमेगा, कार्टिए, टॅग ह्यूअर या कंपन्यांची सेलवर चालणारी अस्सल घड्याळे भरपूर आहेत, आणि रोलेक्सनेही १९७७ साली ऑयस्टरक्वार्ट्झ हे सेलचे घड्याळ बाजारात आणले होते.

याच समजुतीपायी एका तरुणाने वाळूत सापडलेले ओमेगा सीमास्टर जवळजवळ संपवले. काटा टिकटिक करतो म्हणजे नकलीच, मग आत काय आहे ते पाहायला हरकत नाही, असा विचार करून त्याने मागचे झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा प्रयत्न केला. ते झाकण आट्यांचे होते. उचकटून निघत नाही म्हटल्यावर त्याने खाचेत टोक घालून हातोडीने ठोकत ते फिरवले. झाकणावर कोरलेल्या समुद्रघोड्यावर आडवे चरे पडले, आतील रबरी वायसर कापले गेले, आणि तेच झाकण पुन्हा बसवून त्याने वाळू काढण्यासाठी घड्याळ नळाखाली धरले. माझ्या हाती आले तेव्हा काचेला आतून दव होते आणि सर्किट गेलेले होते. भिंगाखाली तबकडीवरची अक्षरे मात्र कडांपर्यंत रेखीव दिसत होती, आणि मशीनवरची अक्षरेही तशीच स्वच्छ होती. घड्याळ शंभर टक्के अस्सल होते.

म्हणून झाकण मी शेवटी उघडतो, तेही योग्य चावीनेच. त्याआधी दहापट भिंगातून तबकडीवरचे अंक, काट्यांच्या कडा आणि तारखेची चौकट सावकाश पाहतो. नक्कल बहुधा अशाच ठिकाणी उघडी पडते: शाई पसरलेली, तारीख चौकटीत तिरकी, कोरलेली अक्षरे उथळ. एका खुणेवरून निकाल देणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

वजनावर भरवसा ठेवू नका. पोलादाची नक्कलही जड असते. पाण्यात बुडवून तर कधीच पाहू नका. काचेत दव असेल तर ऊन, हेअर ड्रायर आणि तांदळाचा डबा टाळून थेट घड्याळजीकडे जा.

दुसरी मोठी चूक सीरियल नंबरची. जुन्या रोलेक्सवर तो पट्ट्याखाली, सहाच्या बाजूला, पट्टा अडकवायच्या दोन टोकांच्या मधे असतो, तर अलीकडच्यांवर काचेच्या आतील कड्यावर. नंबर आहे म्हणून घड्याळ खरे ठरत नाही, कारण नक्कल करणारे खरा नंबरही उचलतात. त्याहून वाईट म्हणजे लोक त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर सगळीकडे पाठवतात. मालकी सिद्ध करायला मालकाजवळ अनेकदा तेवढाच पुरावा असतो. तो जगजाहीर झाला की कोणीही हक्क सांगत येतो. नंबर झाकूनच ठेवा.

घड्याळ अस्सल निघाले तरी ते सापडणाऱ्याचे होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ नुसार ते जपण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि अप्रामाणिकपणे स्वतःचे केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली शिक्षा होऊ शकते. विकायला आणलेले सापडलेले घड्याळ मी हातात घेत नाही. जेथे सापडले त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात ते द्यावे आणि मॉडेल, सीरियल नंबर व आधीच असलेले चरे नोंदवून लेखी पोच घ्यावी.