कादंबरीवर सिनेमा निघतो तेव्हा: सीमाभागातल्या नव्या लेखकांसाठी

आपल्या कादंबरीवर सिनेमा निघतोय हे बेळगावात कळलं की पहिला प्रश्न येतो, 'हिरो कोण गं?' आणि त्याच्या मागोमाग दुसरा, 'किती दिले?' करार नीट वाचलास का, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी प्रेमकथा लिहिते. शहापुरातल्या मागावाल्या घरातली मुलगी आणि वाचनालयात काम करणारा कन्नड घरचा मुलगा, अशी माझी एक कादंबरी सिनेमावाल्यांनी घेतली. सिनेमा झाला, लागला, उतरलाही. तेव्हापासून कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांत लिहिती मुलंमुली चहाच्या टेबलाशी गाठून तेच तेच विचारतात. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकते. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते: लेखकाच्या शब्दाला वजन असतं ते सही होईपर्यंत. नंतर सेटवर तुम्ही पाहुण्या. खुर्ची मिळते, चहा मिळतो, फोटो काढतात, पण विचारत कुणी नाही. तेव्हा काय भांडायचं ते आधी भांडून घ्या.

पहिला फोन बहुधा निर्मात्याचा नसतोच. एखादा सहायक दिग्दर्शक किंवा धडपडणारा पटकथालेखक असतो. 'मॅडम, रात्रीत वाचून काढली, रडलो. मला फक्त एक लेटर द्या, निर्माता मी शोधतो.' मुलगा खरा असतो, रडलाही असेल. पण ते पत्र बिनमुदतीचं देऊ नका. किती महिन्यांसाठी, फक्त निर्माता शोधण्यापुरतं, आणि हक्क लेखिकेकडेच राहतील, एवढं त्यात स्पष्ट असलं पाहिजे. नाहीतर तो मुलगा पुढे मालिकांत रमतो आणि त्याचं पत्र कुठल्यातरी ऑफिसात फायलीत पडून राहतं. मग दुसरा निर्माता आला की विचारतो, 'हे काय आहे?'

यानंतर कपाटातून प्रकाशकाशी केलेला करार काढा. रूपांतराचे हक्क कुणाकडे आहेत ते पाहा. काही छापील करारांत 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' असं एक वाक्य बारीक अक्षरात बसलेलं असतं. काहींत हक्क लेखकाकडे असतात, पण सिनेमाच्या रकमेतला हिस्सा प्रकाशकाला जातो. आपल्याकडे कितीतरी पुस्तकं नुसत्या तोंडी बोलण्यावर निघालेली आहेत, तिथे काळजी नको. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, आणि त्याच्या कलम 19 प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी नसेल तर ते धरलंच जात नाही. म्हणजे हक्क तुमच्याकडेच. तरी निर्माता प्रकाशकाकडून ना-हरकत पत्र मागतोच. ते आधीच घेऊन ठेवलं तर व्यवहाराच्या ऐन वेळी धावपळ होत नाही. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं की हक्क आपोआप निर्माण होतो. कल्पनेवर मात्र हक्क नसतो. 'वाचनालयात जुळलेलं प्रेम' ही कुणाच्याही बापाची मालमत्ता नाही, तिचा तुम्ही केलेला विस्तार तुमचा.

मग येतं ऑप्शन. यात निर्माता हक्क विकत घेत नाही, ते घेण्याची संधी काही काळ राखून ठेवतो. साधारण वर्षभर, कधी दीड वर्ष. त्यासाठी थोडी रक्कम देतो. त्या काळात तुम्ही दुसऱ्याला पुस्तक द्यायचं नाही. पैसा उभा राहिला तर पुढची मोठी रक्कम देऊन तो हक्क घेतो, नाही राहिला तर मुदत संपते आणि तुम्ही मोकळ्या. ऑप्शनचे पैसे थोडे असतात म्हणून नाराज होण्यात अर्थ नाही. मराठी कादंबरीची आवृत्ती बहुधा 500 ते 1000 प्रतींची. त्या रॉयल्टीशी ताडून पाहिलं तर ही थोडी रक्कमही बरी वाटते. मुदत आपोआप वाढणार नाही आणि वाढवायची तर पुन्हा पैसे द्यावे लागतील, एवढी मात्र खात्री करून घ्या.

मूळ करार आला की त्यात काय लिहिलंय याइतकंच काय लिहिलेलं नाही तेही वाचायचं. कायदा लेखकाच्या बाजूने बऱ्यापैकी आहे. मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर 5 वर्षांचं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. दिलेले हक्क वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते परत येतात. पण या तिन्ही गोष्टी 'करारात वेगळं काही नसेल तर' या अटीवर. आणि करारात हटकून वेगळं असतं: कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, आजच्या आणि उद्याच्या सर्व माध्यमांत. विश्व म्हणजे मंगळसुद्धा, असं आमच्या ओळखीतले एक निवृत्त कोर्ट कारकून म्हणाले होते. 'उद्याच्या माध्यमां'बद्दल 2012 च्या दुरुस्तीने एक चांगली गोष्ट केली. करारावेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचं नाव घेऊन उल्लेख नसेल तर ते हक्क दिले असं धरत नाहीत. तेव्हा असली गोळाबेरीज वाक्यं दिसली की 'नेमकं कुठलं माध्यम ते लिहा' असं म्हणायला लाजू नका.

आता आपल्या भागातल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: भाषा. मुंबईच्या छापील मसुद्यात 'सर्व भारतीय भाषा' असं एका ओळीत असतं. पुण्यातली लेखिका कदाचित त्यावरून पुढे जाईल. आपण जायचं नाही. आपल्या गोष्टीत अर्धी माणसं घरात कन्नड बोलतात. हुबळी-धारवाडच्या प्रेक्षकाला ती गोष्ट त्याचीच वाटणार. 'सैराट' 2016 साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याचा कन्नड रिमेक 'मनसु मल्लिगे' पडद्यावर होता, त्यानंतर हिंदी. रिमेकचा पैसा हा वेगळा पैसा आहे. मी मराठी सिनेमाचे हक्क दिले, बाकीच्या भाषा राखून ठेवल्या. त्यावर पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी कन्नड माझ्याकडे, आणि हिंदीसाठी पहिली विचारणा त्याच निर्मात्याला, असं ठरलं. डबिंग आणि रिमेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेही लिहून घ्या. मराठी सिनेमा कन्नडमध्ये डब करणं आणि कन्नड नट घेऊन नवा सिनेमा करणं यात पैशाचा मोठा फरक पडतो. मालिका, वेब सिरीज, पुढचा भाग आणि ऑडिओबुकही एकेक करून विचारायचं.

माझ्या पुस्तकात नायक कन्नड घरचा आहे. पहिल्याच बैठकीत निर्मात्याकडचे एक गृहस्थ म्हणाले, 'तो मराठीच केला तर? नाहीतर उगाच वाद.' त्यांची भीती काही आकाशातून पडलेली नव्हती. इथे 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस, तेव्हा काय होतं ते आम्ही लहानपणापासून बघतो. पण ती भाषा काढली की माझ्या दोन माणसांत अडचणच उरत नाही, नुसता पाऊस आणि गाणी उरतात. नायकाची मातृभाषा बदलायची नाही असं कलम कुठला निर्माता देत नाही. लेखकाला मान्यतेचा हक्कही देत नाही, कारण मग एका लेखकाच्या हट्टापायी अख्खा सिनेमा अडकू शकतो. मिळू शकतो तो सल्ल्याचा हक्क. पटकथेचा मसुदा तुम्हाला दाखवायचा, तुम्ही ठरलेल्या दिवसांत लेखी मत द्यायचं, ते मानायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. ऐकायला पोकळ वाटतं, पण चांगल्या दिग्दर्शकाच्या हातात लेखी मत दिलं तर तो वाचतो. नायक कन्नड राहिला. त्याच्या आईचे संवादही कन्नडमध्येच आहेत, खाली मराठी अक्षरं येतात.

कायद्यात याच्या पलीकडची एक ढाल आहे, कलम 57. हक्क विकले तरी लेखक म्हणून आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला विरोध करण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून केलेल्या सिनेमाचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं, 1986 साली. माध्यम बदलताना काही बदल होणारच, पण मूळ कृती विद्रूप करण्याची मुभा त्यातून मिळत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. ढाल आहे म्हणून रोज वापरायची नसते. शेवट बदलला, मावशीचं पात्र उडवलं, एवढ्यावर कोर्टात जायचं नाही.

आणि शेवट बदलतातच. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा या धंद्यातला ढोबळ हिशेब. सव्वादोन तासांचा सिनेमा म्हणजे सव्वाशे-दीडशे पानं, त्यातही निम्मा कागद कोरा. तुमच्या कादंबरीतलं किती त्यात मावेल याचा विचार घरी बसून आधीच करा. उलटंही होतं. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्यांच्या आधारे 2009 साली 'जोगवा' आला. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या जोगत्या-जोगतिणींची ती गोष्ट, म्हणजे अगदी आपल्या जिल्ह्यातली. दोन पुस्तकांतून एक सिनेमा काढताना काय ठेवलं आणि काय सोडलं हे पुस्तकं शेजारी ठेवून बघा. पटकथेच्या कुठल्याही शिबिरापेक्षा त्यातून जास्त कळेल.

प्रेमकथेत तर सगळ्यात आधी मनातलं बोलणं जातं. माझी नायिका एक अख्खं प्रकरण खिडकीशी बसून चिठ्ठी लिहावी की नाही याचा विचार करते. सिनेमात ती मागावर बसलेली आहे, धोटा इकडून तिकडे जातोय, आणि एका क्षणी तिचा हात थांबतो. मागाचा आवाज बंद होतो. बस्स. आतून तिची आई ओरडते, 'का गं थांबलीस?' ते बघून मी दिग्दर्शकाला मनोमन हात जोडले. बाकी काही ठिकाणी तितकं जमलं नाही. गाणी दोन जास्त आहेत, आणि पावसातलं भांडण माझ्या मते पुस्तकात चांगलं आहे.

शूटिंग बेळगावात होईल अशी आशा मनात असते. ती करारात लिहून मिळत नाही. युनिटची राहण्याजेवणाची सोय जिथे स्वस्त, तिथे शूटिंग. वाईच्या आसपास मराठी सिनेमाला सगळं हाताशी मिळतं, म्हणून माझं शहापूर बरंचसं तिकडेच उभं राहिलं. अशा वेळी लेखिकेचा खरा उपयोग होतो तो कलाविभागाला. मी त्यांना फोटो आणि टिपणं पाठवली. बसस्टँडच्या प्रसंगाला त्यांनी महाराष्ट्राच्या एसटीची लाल गाडी आणली होती. आमच्याकडे ती दिसते, नाही असं नाही. पण बेळगावहून खानापूरला जाणारी मुलगी वायव्य कर्नाटक परिवहनच्या गाडीत चढते, आणि त्या गाडीची पाटी कन्नड अक्षरांत असते. दुकानांच्या पाट्यांचंही तेच. कन्नड वर आणि ठळक, मराठी असली तर खाली. कलाविभागातल्या पोरांनी निमूटपणे सगळ्या पाट्या पुन्हा रंगवल्या. त्यांना हे आधी कळलं असतं तर त्यांचेही कष्ट वाचले असते, म्हणून अशी टिपणं पटकथेबरोबरच द्या. बोलीसाठी इकडचा एखादा नाटकातला मुलगा सेटवर ठेवा, हेही तेव्हाच सुचवा. त्याचा खर्च फार नसतो आणि पुण्याची नटी आपल्यासारखं 'होय की' म्हणायला शिकते.

पैशांबद्दल: हप्ते टप्प्यांना बांधा. सहीला इतके, पटकथा पक्की झाल्यावर इतके, शूटिंगच्या पहिल्या दिवशी उरलेले सगळे. 'प्रदर्शनानंतर' आणि 'नफ्यातला हिस्सा' यावर विसंबू नका, कारण नफा कुठल्या ओळीनंतर मोजायचा ते त्यांच्या हिशेबनीसालाच माहीत असतं. टीडीएस कापून रक्कम येते, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. श्रेयनामावलीत 'अमुक कादंबरीवर आधारित' ही ओळ कुठे येणार, पुस्तकाचं नाव येणार का, पोस्टरवर येणार का, हेही लिहून घ्या. पोस्टरवर जागा नाही असं सांगतात. जागा असते.

सिनेमा लागला की पुस्तकाला मागणी येते, आणि ती टिकते जेमतेम महिना-दीड महिना. प्रकाशकाने प्रती आधी छापून ठेवल्या तर उपयोग. मुखपृष्ठावर सिनेमातलं छायाचित्र हवं असेल तर त्याची परवानगी निर्मात्याकडून लागते, ती मूळ करारातच फुकट मागून घ्यावी. आमच्याकडे मराठी सिनेमाला दुपारचा एखादा खेळ मिळतो, तोही पहिल्या आठवड्यात चालला तर. तेव्हा नातेवाइकांना पहिल्या तीन दिवसांतच पाठवा. माझ्या मोठ्या जाऊबाई मध्यंतरात म्हणाल्या, 'पुस्तकात हिचा नवरा असा नव्हता की!' तो नवरा नव्हताच, भाऊ होता. त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही हे मला तिथे कळलं.

मसुदा कुणाला दाखवायचा, हा प्रश्न उरतो. बेळगावात जमिनीचे आणि वाटणीचे दावे लढणारे उत्तम वकील गल्लोगल्ली आहेत, पण सिनेमाचे करार रोज बघणारा वकील मुंबई, पुणे नाहीतर बेंगळुरूला मिळेल. ते काम आता व्हिडिओ कॉलवर होतं. फी आधी ठरवा. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडेही चौकशी करता येते, आणि स्वतःच पटकथा लिहिणार असाल तर तिची नोंदणी तिथे करून ठेवावी. करारात वादाचं न्यायक्षेत्र मुंबई असतंच. कॉपीराइटच्या उल्लंघनाचा दावा लेखकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावण्याची सोय कायद्यात आहे, ती करारातल्या एखाद्या वाक्याने जातेय का, हे त्या वकिलाला मुद्दाम विचारा. आणि निर्मात्याच्या ऑफिसातून 'आमचेच वकील तुमचंही बघतील, तुम्ही कशाला खर्च करता' असा प्रेमळ फोन आला, तर 'नको, मी बघते' म्हणा आणि मसुदा ईमेलने मागवून घ्या.