ते 20 टक्के कुणी दाबून ठेवलेलं नाही

औशात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या महिन्यात नीटची तयारी करणारं एक लेकरू लॅपटॉप घेऊन आलं. "ताई, नेटचा वेग वाढवायच्या व्हिडिओत सांगितलेलं समदं केलं, तरी नेट आधीपेक्षा हळू झालंय." खरंच झालं होतं.

पहिली सेटिंग बहुतेकांनी केलेली असते. विंडोज 20 टक्के नेट स्वतःसाठी राखून ठेवतं म्हणे, म्हणून ग्रुप पॉलिसी नावाच्या विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा शून्य करायचा. ही समजूत विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीपासून चालत आलीय आणि मायक्रोसॉफ्टने तेव्हाच खुलासा केला होता. एखाद्या प्रोग्रामने प्राधान्य मागितलं तरच ती राखीव जागा लागते, आणि त्यानेही वापरली नाही तर इतरांना मिळते. एसटीतल्या राखीव सीटसारखं: हक्काचा माणूस चढला नाही, तर कुणीही बसतो. आकडा बदलून नुकसान नाही, पण फायदाही नाही.

दुसरीनं मात्र त्याचा घात केला होता. ऑटोट्यूनिंग बंद केलं होतं. एक्सपीनंतरच्या व्हिस्टा आवृत्तीपासून विंडोज एका दमात किती डेटा घ्यायचा ते लाइन बघून स्वतः ठरवतं. ते बंद केलं की मर्यादा सुमारे 64 केबीवर अडकते: सर्व्हर तेवढं पाठवतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. जाऊन-येऊन 50 मिलिसेकंद लागत असतील, तर एका डाउनलोडला 10 एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) आसपासच वेग मिळणार, मग प्लॅन 100 चा का असेना. मी ते परत 'नॉर्मल' केलं. तुम्हीही आधी तेच तपासा.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 केली, तर साइटचं नाव शोधायला लागणारा वेळ कमी होऊ शकतो. डाउनलोडचा वेग वाढत नाही. प्रीफेच फोल्डर (प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोज ठेवतं त्या नोंदी) पुसण्याचा तर नेटशी संबंधच नाही.

मग करायचं काय? लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, घरातल्या बाकी मोबाइलचं वायफाय बंद करा, आणि लागोपाठ तीनदा स्पीड टेस्ट घ्या; मग तसंच वायफायवर. सकाळी एकदा, रात्री नऊला पुन्हा. आकडे वहीत लिहा. डाउनलोडच्या खिडकीत वेग सेकंदाला एमबीत (मेगाबाइट) दिसत असेल तर आठने गुणा, तेव्हा तो प्लॅनच्या आकड्याशी जुळेल. केबलवर वेग पूर्ण आणि वायफायवर कमी, तर विंडोजला हात लावू नका.

त्या लेकराचं तसंच निघालं. ऑटोट्यूनिंग सुधारल्यावर केबलवर 90 च्या पुढे, वायफायवर 12. मी घरी जाऊन बघितलं. जुनं माळवदाचं घर, दीड हात जाड मातीच्या भिंती, राउटर ढाळजेत (दारालगतच्या ओसरीत) आणि पोरगं आतल्या खोलीत अभ्यासाला. 5 गीगाहर्ट्‌झचं वायफाय अशा भिंतीतून जेमतेम जातं, 2.4 चं थोडं बरं, पण तेही दमतं. आम्ही वीस मीटर लॅन केबल आणली, दाराच्या चौकटीवरून आत ओढली, आणि लॅपटॉप तिलाच जोडून दिला.