एल्बफिलहार्मोनीला जाताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेतून युरोपला जाणारे वाढले, तसे माझ्याकडे येणारे फोनही वाढले. मुलगी हॅम्बुर्गला असते, म्हणून तिकडच्या एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाबद्दल लोक मलाच विचारतात. मी सगळं सांगतो, ते मान डोलावतात आणि तिथे जाऊन त्याच त्या चुका करून येतात. म्हणून आता लिहूनच काढतो.

पहिली चूक म्हणजे प्लाझावर, म्हणजे इमारतीच्या मधल्या मोकळ्या सज्जावर, फिरून येणं आणि 'एल्बफिलहार्मोनी बघितलं' असं सांगणं. खाली 1960च्या दशकातलं विटांचं गोदाम आहे, तिथे पूर्वी कोको, चहा, तंबाखू साठवत. त्याच्या डोक्यावर हर्झोग आणि द म्युरॉन या स्विस वास्तुरचनाकारांनी काचेची इमारत उभी केली. या दोन्हींच्या मधे, 37 मीटर उंचीवर, प्लाझा आहे. तिथून बंदर दिसतं, वारं लागतं, फोटो सुरेख येतात. पण सभागृह त्याच्याही वर आहे आणि हा सगळा खटाटोप त्यासाठी झाला. 2017च्या जानेवारीत ते सुरू झालं. सुमारे 2100 खुर्च्या, मधोमध वाद्यवृंद आणि चहूबाजूंनी श्रोते. वाद्यवृंदाच्या संचालकापासून, म्हणजे कंडक्टरपासून, 30 मीटरपेक्षा लांब कोणीच बसत नाही. भिंतींवर आणि छतावर जिप्समचे सुमारे 10,000 खोदीव तुकडे बसवले आहेत. आवाज कुठे आपटून कसा परतावा, याचा विचार जपानी ध्वनितज्ज्ञ यासुहिसा तोयोता यांनी केला. हे डोळ्यांनी कसं कळणार? मिरजेला येऊन दर्ग्याच्या दारात फोटो काढायचा आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथेच चाललेली मैफल न ऐकता परत फिरायचं, तसंच हे.

टूरच्या पत्रकात या जागेसाठी पाऊण तास ठेवलेला असतो. त्यावर समाधान मानू नका. एक संध्याकाळ मोकळी मागून घ्या आणि विमानाचं तिकीट झालं की त्याच दिवशी कार्यक्रमाचं तिकीट काढा, तेही संगीतगृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. 'तिथे गेल्यावर बघू' म्हणणारे बहुतेक वेळा प्लाझावरूनच परत येतात. घाईत मधल्या माणसाकडून चढ्या भावाने तिकीट घेणं मला मुळीच पटत नाही.

तिकीट हातात आलं की सभागृहाचं नाव वाचा. त्याच संकेतस्थळावर लाइसहालेची तिकिटंही विकली जातात. ते 1908 सालचं जुनं संगीतगृह आहे, उत्तम आहे, पण शहराच्या दुसऱ्या भागात आहे.

आता उशिरा पोचण्याबद्दल. याचा मला खरोखर राग येतो.

विश्रामबागेतले माझे एक स्नेही आणि वहिनी तिकडे गेले होते. कार्यक्रम रात्री 8चा, ब्रुकनर या संगीतकाराची आठवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. मी बजावलं होतं, सातला तिथे असा. ते आधी जेवायला बसले. पावणेआठला बाउमवाल स्टेशनवर उतरले, समोर इमारत दिसली आणि पोचलोच म्हणून निवांत झाले. पण स्टेशनपासून दहा मिनिटं चालायचं असतं. मग सुमारे 80 मीटर लांबीचा तो वळणदार सरकता जिना, जो घाई केली म्हणून लवकर वर नेत नाही. वर प्लाझा, मग कोट आणि बॅग ठेवायची रांग, मग आणखी जिने, आणि तिकिटावरचा मजला व विभाग शोधत फिरणं. ते दारापाशी पोचले तेव्हा संगीत सुरू झालं होतं आणि दार बंद होतं. ही सिंफनी चांगली 80 मिनिटं चालते आणि त्या दिवशी मध्यंतर नव्हतं. वहिनींनी दारावरच्या मुलीला परोपरीने विनवलं. तिने नम्रपणे नकार दिला, आणि तिचं बरोबरच होतं. आपल्याकडे भावे नाट्यमंदिरात नाटक सुरू झाल्यावर बॅटरीच्या उजेडात खुर्ची शोधता येते. तिथे तसं चालत नाही. कुठल्याशा योग्य विरामात सोडलं तर सोडतात, नाहीतर बाहेरच थांबायचं. एवढ्या लांब जाऊन त्या दोघांनी काचेतून नदी बघितली.

मी तासभर आधी पोचतो. कार्यक्रमाच्या तिकिटावर प्लाझावर जाता येतं, त्यामुळे फोटो तेव्हाच उरकतो. जेवण कार्यक्रमानंतर.

जागा निवडताना फक्त किंमत बघू नका. नुसता वाद्यवृंद असेल तर वाद्यवृंदाच्या मागच्या बाजूच्या खुर्च्या मला आवडतात, संचालकाचा चेहरा दिसतो. गाणारा असेल तर मात्र तिथे बसू नका, कारण त्याची पाठ तुमच्याकडे असते. 2019च्या जानेवारीत गायक योनास काउफमान माहलर या संगीतकाराची रचना गात होते, तेव्हा ऐकू येत नाही म्हणून काही श्रोत्यांनी कार्यक्रम चालू असतानाच आरडाओरडा केला होता.

दाद कधी द्यायची, हेही समजून जा. जागेवर 'क्या बात है' म्हणणं ही आपली रीत आणि आपल्या मैफलीत ती हवीच. समोर दाद गेली की गवई खुलतो. तिथे सिंफनीचे बहुधा चार भाग असतात आणि दोन भागांच्या मधे कोणी टाळी वाजवत नाही. भाग मोजत बसू नका. संचालकाचे हात खाली येऊन तो श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबा. रचना आदल्या आठवड्यात ऐकून ठेवली तर शेवट आपोआप कळतो. मी पहाटे आयर्विन पुलाकडे फिरायला जाताना ऐकतो. एवढाही वेळ काढायचा नसेल, तर महागडं तिकीट कशासाठी घ्यायचं?

मोबाइल बंद म्हणजे पूर्ण बंद, थरथरसुद्धा नको. खोकल्याची गोळी आधीच सोलून रुमालात ठेवा. त्या सभागृहात कागदाची चुरचुर लांबपर्यंत जाते. भडंगाची पुडी हॉटेलवर राहू द्या. कपड्यांची चिंता नको, साडी असो की साधी पँट, कोणी अडवत नाही.

तिकीट मिळालंच नाही, तर मार्गदर्शकासोबतची फेरी असते. पण वर तालीम चालू असेल तर सभागृहाच्या आत सोडतीलच याची खात्री नसते. पैसे भरण्याआधी ही अट वाचा, म्हणजे ऐनवेळी मार्गदर्शकाशी हुज्जत घालावी लागणार नाही.