मुंबईत कॅमोमाइल कधी पेरायचं

कॅमोमाइल म्हणजे जिची फुलं वाळवून चहा करतात ती वनस्पती. तिच्या बियांच्या पाकिटावर बहुधा 'लास्ट फ्रॉस्ट'च्या, म्हणजे हिवाळ्यात शेवटचं दव गोठण्याच्या, आधी किती आठवडे पेरायचं ते छापलेलं असतं. ते थंड मुलखांसाठी. दव गोठेल एवढी थंडी मुंबईत पडतच नाही. सांताक्रूझची नीचांकी नोंदसुद्धा ७.४ अंशांची आहे, जानेवारी १९६२ मधली. इथे रोपाचा शत्रू ऊन, तेव्हा तारीख उन्हाळ्यापासून मागे मोजत यायची.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात जमिनीवरून पूर्वेचे वारे सुटले की पारा पस्तिशी ओलांडतो आणि फुलं बारीक होत जातात. पेरणीपासून फुलायला ८ ते १० आठवडे लागतात. मध्य जानेवारीपासून महिनाभर तोडणी हवी, तर बी १ ते १५ नोव्हेंबरदरम्यान पडायला हवं. बोरिवली-मुलुंडकडे रात्री लवकर गार होतात, तिथे आठवडाभर आधी चालतं. कुलाब्याकडे थांबलेलं बरं. ऑक्टोबर हीटमध्ये घाई केली तर बी उगवत नाही, उगवलंच तर कोंब करपतो. डिसेंबर अर्धा सरल्यावर पेरलेलं ऐन उन्हात फुलायला येतं.

बी जर्मन कॅमोमाइलचंच घ्या. रोमन जात बहुवर्षायू असली तरी आपला उन्हाळा-पावसाळा तिला सोसत नाही.

चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या बारीक वाळूत मिसळा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत समप्रमाणात भरलेल्या ट्रेवर भुरभुरा आणि तळव्याने दाबा. वर माती अजिबात घालू नका: या बियांना उगवायला उजेड लागतो, आणि बी न उगवण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. झारीने बी वाहून जातं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल द्या. कबुतरांसाठी वर जाळी हवीच. ७ ते १४ दिवसांत कोंब दिसतात. रोपं बुडाशी काळी पडून कोलमडली तर ओल जास्त झाली. विरळणी करा, वारा खेळू द्या.

रोपं दोन इंचांची झाली की १२ इंची कुंडीत तीन लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची बाल्कनी उत्तम. खत बेताचंच, जास्त झालं की नुसता पाला वाढतो. कळ्यांवर मावा आला तर आधी पाण्याचा फवारा मारून झाडा. पाकळ्या आडव्या पसरल्या की सकाळी दव सुकल्यावर फुलं खुडा आणि सावलीत, पंख्याखाली कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. मधला पिवळा गोंडा आत ओला राहिला तर बरणीत बुरशी धरते.